एका घरात एक हाक

घरं उचलणारी माणसं असतात, हे ऐकून लोक आधी हसतात. घर म्हणजे काय पोतं आहे, पाठीवर टाकून न्यायला? मग एक दिवस त्यांच्याच गल्लीतलं एखादं घर सकाळी होतं त्यापेक्षा संध्याकाळी कमरेइतकं उंच दिसतं. पडदे तसेच, खिडकीतली कुंडी तशीच, आतली माणसंही तशीच. तेव्हा हसणाऱ्यांची बोलती बंद होते. रस्ते डांबरावर डांबर चढून वर येत राहतात आणि घरं बिचारी जागच्या जागी बसून राहतात. शेवटी गटाराचं पाणी न विचारता उंबरा ओलांडतं. घर पाडायचं तर मन धजत नाही. मग लोक या कुटुंबाकडे येतात.

कुटुंब म्हणजे तरी किती मोठं? मुकादम, त्याची बायको, त्याची थोरली बहीण आणि त्याची एकुलती एक मुलगी. जॅकवरची माणसं वेगळी, पण तीही इतकी जुनी की घरच्यासारखीच भांडायची. मुलीला सगळे पाचर म्हणत. पाचर म्हणजे दोन ठोकळ्यांमधल्या फटीत ठोकतात तो लाकडाचा निमुळता तुकडा. लहानपणी ती मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालायची, म्हणून आत्यानं हे नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. आता ती सतरा वर्षांची झाली होती, जॅकवरच्या कुठल्याही गड्याच्या बरोबरीनं दांडा फिरवत होती आणि तोंड घालायची खोड काही गेलेली नव्हती.

काम ऐकायला सोपं आहे. भिंतींना तळाशी भोकं पाडायची, त्यांतून लोखंडी तुळया सारायच्या, तुळयांखाली ठोकळे रचून त्यांवर जॅक बसवायचे. प्रत्येक जॅकपाशी एक माणूस आणि त्याच्या हातात लोखंडी दांडा. सगळ्यांनी एकाच क्षणी पाव फेरा फिरवला की घर केसभर वर जातं. एकानं आधी आणि दुसऱ्यानं नंतर फिरवला की भिंतीला तडा जातो. म्हणून सगळ्यांना एकदम हलवणारी हाक लागते, आणि ती हाक आत्या द्यायची. "ऊठ गं बाईऽऽ" अशी लांबलचक सुरुवात, मग श्वासभर थांबणं, आणि मग एक खणखणीत "ऊठ!" त्या दुसऱ्या 'ऊठ'वर सगळे दांडे फिरायचे. घर बाई आहे की दादा, हेही आत्याच ठरवायची. पोलीस चौकी उचलली तेव्हा तिनं "उठा साहेबऽऽ" अशी हाक दिली होती आणि जॅकवरच्या माणसांना हसू आवरता आवरत नव्हतं.

या कामाचे दोन नियम आजोबांनी घालून दिले होते. पहिला, हाक देणाऱ्यानं बाहेर उभं राहायचं नाही. त्यानं घराच्या मधल्या खोलीत एकट्यानं बसायचं आणि घराबरोबर वर जायचं, म्हणजे तो विचार करून हाक देतो. दुसरा नियम असा की खाली कुणाला काही बिघडलेलं दिसलं तर त्यानं 'थांब' असं ओरडायचं, पण ते ऐकून बाकीच्यांनी हात आखडायचा नाही. चार जणांनी ऐकलं आणि चार जणांनी नाही, तर निम्मं घर वर आणि निम्मं खाली. 'थांब' ऐकायचं ते हाक देणाऱ्यानं. त्याची हाक बंद झाली की सगळे थांबले. एका घरात एकच हाक, दुसरी चालणार नाही.

आत्याचे कान म्हणजे त्या भागातली एक दंतकथाच होती. ती आत बसली की घरातलं भांडंसुद्धा वाजता कामा नये, असा तिचा हुकूम. भिंतीवरची घड्याळं बंद करायला लावायची, रडकी पोरं शेजारी पाठवायची. वीट फुटायच्या आधी कुरकुरते आणि ते मला ऐकू येतं, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. आईबाप लवकर गेले तेव्हा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आजचा मुकादम, तिच्या कमरेइतका होता. तिनं लग्न केलं नाही. हाका देऊन देऊन त्याला मोठं केलं.

भानगड झाली ती फोटोग्राफरच्या घरी. त्या दिवशी खड्ड्यात पाणी साचत होतं म्हणून पंप लावला होता आणि तो पंप नुसता बोंबलत होता. पाचर बाजूच्या भिंतीखालच्या जॅकवर होती, आत्याच्या खोलीच्या खिडकीखालीच. अचानक तिच्या ठोकळ्याखालची माती बसली. जॅक कलला. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "थांऽऽब!" वरून हाक आली, "ऊठ गं बाईऽऽ... ऊठ!" सगळे दांडे फिरले. पाचर पुन्हा ओरडली. पुन्हा हाक आली. आणि मग वर काहीतरी कडाडलं, आणि फोटोग्राफरच्या भिंतीवर खिडकीपासून छतापर्यंत एक तडा गेला. आतून बोट जाईल एवढा.

संध्याकाळी अंगणात सगळे बसले होते. आत्या शांतपणे म्हणाली, "'थांब'ची हाक आली नाही."

"मी दिली होती! दोनदा दिली!"

"अगं, मी खिडकीच्या आत बसले होते. हातभरावर. तू ओरडलीस आणि मला ऐकू आलं नाही?"

जॅकवर एक बडबड्या म्हातारा होता, त्याला सगळे रेडिओ म्हणत. तो पाचरच्या शेजारच्या जॅकवर होता. तो म्हणाला, पंपाच्या आवाजात वरची हाकच कशीबशी कानावर येत होती, मला माझं स्वतःचंच बोलणं ऐकू येत नव्हतं, मग हिचं काय येणार. सगळ्यांनी पाचरच्या बाबांकडे, मुकादमाकडे पाहिलं. बाबा त्या वेळी, घर सगळीकडून सारखं उचललं जातंय का हे दाखवणारी पाणपातळीची नळी घेऊन तिथंच उभे होते. ते बूट जमिनीवर घासत होते.

"घाबरली असेल," ते म्हणाले. "आपल्याला वाटतं ओरडलो, आणि तोंडातून शब्दच फुटलेला नसतो. होतं असं."

हे ते मायेनं म्हणाले. तेच पाचरला जास्त लागलं. रागावले असते तर तिला भांडता आलं असतं.

पुढचे कित्येक दिवस ती आत्याशी बोलली नाही. आत्या समोर आली की पाठ फिरवायची आणि ताट पुढ्यात आलं की बाजूला सरकवायची. जॅकवरची माणसं तिला पाहून मुद्दाम हळूच 'थांब' म्हणायची आणि खिदळायची. आत्या खोटं बोलली, आपली चूक लपवायला आपल्या भाचीला खोटं पाडलं, असं तिनं मनाशी पक्कं केलं. एक दिवस तिनं आईला गाठलं.

"आत्या खोटं बोलते."

आई भाजी चिरत होती. "तुझी आत्या? ती खोटं बोलायला शिकली असती तर तिचं लग्न झालं असतं."

"म्हणजे मी खोटी?"

"असं मी म्हटलं का?"

"मग?"

"मग काय ते मला कळलं असतं, तर इथं भाजी चिरत बसले असते का? सरक, उजेड अडवू नकोस."

त्यानंतरचं काम शिंप्याच्या घरचं निघालं. दुमजली घर, खाली दुकान आणि वर राहायची जागा. त्या दिवशी सकाळी बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पाचर जॅकला हात लावणार नाही. ती आत बसेल, ताईपाशी."

पाचरचं तोंड लालबुंद झालं. शाळेत बाईंच्या टेबलाशेजारी उभं करतात तशी ही शिक्षा होती, आणि तीही सतराव्या वर्षी.

आत्यालाही ते रुचलं नाही. "माझ्या खोलीत दुसरं माणूस कधी बसलंय का?"

"मग बाहेर मोकळी सोडू?" बाबा जरा मोठ्यानं, तिच्याकडे तोंड करून म्हणाले. "तुझ्या डोळ्यांसमोर राहील."

आत्यानं पाचरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस. पण आवाज काढलास तर खिडकीतून खाली टाकीन. लवकर बोललीस तर थोडं लागेल, घर वर गेल्यावर बोललीस तर जास्त. तुझं तू ठरव."

दुकानाच्या मागची खोली घराच्या बरोबर मध्ये होती आणि तिची खिडकी बाजूच्या गल्लीकडे उघडत होती. भिंतीला टेकून मापाचे कागद, फळीवर रंगीबेरंगी रिळांच्या ओळी, कोपऱ्यात बिनडोक्याचा एक पुतळा आणि त्याच्या अंगावर टाचण्या लावलेला अर्धवट कोट. आत्यानं एक बुटका स्टूल ओढला, त्यावर बसून पुढे वाकली आणि दोन्ही तळवे फरशीवर टेकले. तेवढ्यात शिंपी दारातून डोकावला. लग्नाचे कपडे उद्या द्यायचेत, वर बसून मशीन चालवली तर चालेल का, असं त्यानं अजिजीनं विचारलं. आता आत्या त्याला फाडून खाणार, असं पाचरला वाटलं. पण आत्यानं नुसती मान हलवली. ओळखीच्या माणसानं रस्त्यात काहीतरी विचारावं आणि आपण घाईत मान हलवून पुढे जावं, तशी. शिंपी खूश होऊन वर गेला.

मग आत्यानं हाक दिली.

पाचरनं ही हाक हजारदा ऐकली होती, पण खालून, खड्ड्यातून, विटांच्या पलीकडून. इतक्या जवळून कधीच नाही. "ऊठ गं बाईऽऽ" हा आवाज आत्याच्या पोटातून निघाला, फरशीवरून सरपटत गेला आणि पाचरच्या पायांतून वर चढला. "ऊठ!" आणि फरशीखालून कितीतरी माणसांचा एकच श्वास आला, 'हुं' असा. फळीवरची सगळी रिळं एकदम शहारली. पुतळ्याच्या कोटावरच्या टाचण्या चमकल्या. छतातून पिठासारखी धूळ सुटली आणि सावकाश खाली येऊ लागली. आणि मग सगळं पुन्हा होतं तसं स्थिर झालं.

आपण वर गेलो हे तिला कळलंसुद्धा नाही. ते कळलं खिडकीमुळे. समोरच्या घराच्या ओट्यावर एक माणूस दात घासत उभा होता. हाकेसरशी तो थोडा खाली गेला. पुढच्या हाकेला आणखी थोडा. आधी त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता, कितीतरी हाकांनंतर त्याचं टक्कल दिसू लागलं. तो ब्रश तोंडात तसाच ठेवून आ वासून इकडे बघत राहिला आणि बुडत गेला. रस्त्यावरची माणसं, सायकली, गल्लीतली मुलं, सगळं जग सावकाश खाली चाललं होतं. शिंप्याचं घर मात्र जागच्या जागी शांत बसलेलं होतं, भिंतींसकट, कपाटांसकट, वरच्या मजल्यावर मशीन चालवणाऱ्या शिंप्यासकट. भिंतींच्या आत कुठेतरी लाकूड सुस्कारे टाकत होतं. समोरच्या छपराच्या कडेवरून येणारा उन्हाचा कवडसा टेबलावरून उतरून जमिनीवर आला. तो सूर्यामुळे सरकला नव्हता, आपण सरकलो होतो, हे लक्षात आल्यावर पाचरच्या अंगावर काटा आला.

हे एवढं मोठं आहे, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही, असं तिला वाटलं. इतकी वर्षं तिनं दांडा फिरवला होता, हाताला घट्टे पडले होते, आणि आपण काय उचलतो हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं. तिनं आत्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, मानेच्या शिरा तटतटलेल्या. ही बाई आयुष्यभर अशा अनोळखी खोल्यांमध्ये एकटी बसली आणि तिच्या एका शब्दावर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं वर गेली. पाचरला तिच्या पायाशी लोळण घ्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी तिचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढी मोठी बाई एवढंसं खोटं का बोलली?

वर मशीन धडधडत होती. शिंपी आता रंगात येऊन गातही होता, आणि तेही बेसूर. पाचर ऐकत राहिली आणि मग तिची नजर आत्याकडे वळली. भिंतीवरचं घड्याळ बंद करायला लावणारी ही बाई. भांडं वाजलं तर घर डोक्यावर घेणारी ही बाई. तिच्या कपाळावर एक आठीही नव्हती.

"आत्या," पाचर हळूच म्हणाली. आत्यानं पुढची हाक दिली.

"आत्या," ती पुन्हा म्हणाली, नेहमीच्या आवाजात. काही नाही.

मग इतके दिवस जिभेवर ठेवलेलं वाक्य तिनं मोठ्यानं, स्पष्ट उच्चारलं. "आत्या, तू खोटारडी आहेस."

आत्यानं मिटल्या डोळ्यांनी ओठ ओले केले, तळवे जरा सरकवले आणि शांतपणे पुढचा श्वास घेतला. खोलीत तिला खोटारडी म्हणणारं माणूस होतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

पाचर भिंतीला टेकून खालीच बसली. तिचा सगळा राग एका क्षणात हातातून गळून पडला आणि आता हातात काय धरायचं, हे तिला कळेना. आत्या खोटं बोलली नव्हती. हाक खरोखरच आली नव्हती, तिच्यापर्यंत. आणि हे आत्यालाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात खालून रेडिओचा आवाज आला. आयुष्यभराच्या बडबडीत तो एवढ्या मोठ्यानं कधी बोलला नसेल. "थांऽऽब! थांबा, ठोकळा सुटला!"

आत्यानं तोंड उघडलं. "ऊठ गं बाईऽऽ"

आता खाली सगळे दांडे ताणले गेले असणार. पुढच्या शब्दाला ते फिरणार. पाचरनं विचार केला नाही. विचार करण्याएवढा वेळच नव्हता. ती झेपावली आणि तिनं आत्याच्या तोंडावर हात दाबला.

थोरल्या माणसाच्या तोंडावर हात! त्यांच्या घरात कुणी थोरल्यांपुढे पाय पसरून बसत नसे. आत्याचे डोळे खाडकन उघडले आणि त्यांत असा अंगार होता की दुसऱ्या कुठल्याही दिवशी पाचर तिथून पळून गेली असती. तिच्या तळव्याला आत्याचे दात लागले. तिनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं खाली बोट दाखवलं आणि ओठ मोठे हलवत म्हणाली, "थांब. खालून. थांब."

घर श्वास धरून राहिलं. खाली धावपळ सुरू झाली, बाबांचा आवाज आला, पाचरीवर घण बसू लागले. ते घणांचे ठोके फरशीतून आत्याच्या तळव्यांपर्यंत पोचले. तिनं खाली पाहिलं, मग पाचरच्या तोंडाकडे. अंगार विझत गेला. पाचरनं सावकाश हात काढला.

"कोण ओरडलं?" आत्यानं विचारलं. ती गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होती. हल्ली ती तशीच बोलायची, आणि सगळे म्हणायचे वय झालं, चिडचिडी झाली.

"रेडिओ."

"मोठ्यानं?"

पाचरनं मान हलवली.

वर मशीन चालूच होती. तिनं मान वर करून छताकडे पाहिलं. तिथून बारीक धूळ पडत होती. ती का पडते आहे, हे तिला आता कुठे समजत होतं.

"त्या फोटोग्राफरकडे," ती म्हणाली, "तू हाक दिली होतीस."

"हो."

"मला वाटायचं, हल्ली लोकच हळू बोलायला लागलेत."

एवढं बोलून ती उठली आणि दाराकडे निघाली. घर उचलणं चालू असताना हाक देणारीनं घर सोडलंय, असं कधीच झालं नव्हतं. पायऱ्या आता खूप खाली राहिल्या होत्या, म्हणून दाराला शिडी लावलेली होती. आत्या पदर खोचून शिडीवरून उतरू लागली तसे जॅकवरचे सगळे उभे राहिले. ती सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली. पाचर खिडकीत धावली.

"पोरीनं हाक दिली होती," आत्या म्हणाली. "मला ऐकू आली नाही. माझे कान गेलेत."

बाबांनी मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटले.

"काय?"

ते पुन्हा बोलले. आत्यानं कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल रे!"

आणि मग मुकादमाला, सगळ्या माणसांसमोर, ओट्यावरच्या त्या दात घासणाऱ्यासमोर आणि भर गल्लीसमोर ते ओरडून सांगावं लागलं. "माहीत आहे, ताई! मला माहीत होतं! मी ऐकली होती तिची हाक!"

पाचरनं खिडकीची चौकट घट्ट धरली.

आत्यानं भावाच्या कानाखाली एक सणसणीत लगावली. तिचा हात कामाचा होता, आवाज समोरच्या भिंतीवर आदळून परत आला. "माझ्यासाठी पोटच्या पोरीला खोटं पाडलंस?"

"मग काय करू?" बाबांचा आवाज फाटला. "तुला जाऊन सांगू, की तुला ऐकू येत नाही, घरी बस? तू मला वाढवलंस आणि मी तुला घरी बसवू?"

"मला घरी बसवायला तू कोण टिकोजीराव?" ती मागच्या कोपऱ्यातल्या जॅकपाशी गेली, तिथल्या गड्याच्या हातातून दांडा काढून घेतला आणि तळहातांवर थुंकली. "मी इथं आहे. वर माणूस आहे."

"पण ताई," रेडिओ तिच्यासमोर येऊन मोठ्यानं म्हणाला, "तुम्हाला हाक कशी कळणार?"

"तुझा दांडा दिसतोय मला. जन्मात एकदा तोंड बंद ठेव आणि दांडा नीट फिरव."

रेडिओनं तोंड बंद ठेवलं. हाही त्या दिवशीचा एक चमत्कारच म्हणायचा.

बाबा खिडकीखाली आले. त्यांच्या गालावर बोटं उमटली होती. आयुष्यभर पाचर मान वर करून त्यांच्याशी बोलली होती. आता खिडकीची चौकट त्यांच्या डोक्याच्या वर होती आणि त्यांनाच मान वर करावी लागत होती. वरून त्यांचं कपाळ केवढं मागे गेलेलं दिसत होतं. ते म्हातारे होऊ लागले होते, आणि हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणून तुला आत बसवलं," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला कान हवे होते. तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगून टाकलं असतंस. आणि वेळ आली तर तू गप्प बसणार नाहीस, याची मला खात्री होती."

"आणि बसले असते तर? पुन्हा खोटी ठरायला नको म्हणून गप्प बसले असते तर?"

बाबांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. वर शिंपी होता, त्याची बायको होती, आत ती स्वतः होती. "चुकलं माझं, बाळा," ते म्हणाले.

'असू दे' हा शब्द पाचरच्या ओठांवर आलाच नाही. ते तसं सहज असू देण्याजोगं नव्हतं. त्या अंगणातली संध्याकाळ, ते खिदळणं, आत्याकडे फिरवलेली पाठ, हे सगळं तिच्या आत बसलं होतं आणि उठायला तयार नव्हतं. तरी या माणसानं बहिणीसाठी काय उचलून धरलं होतं आणि ते किती वाकडं धरलं होतं, हे दोन्ही तिला त्या उंचीवरून एकदम दिसत होतं. त्याच्यावर रागावताना तिला रडू येत होतं आणि ते रडू केवळ रागाचं नव्हतं.

"बाबा, पाणपातळी कोण बघतंय?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. मी इथं आहे ना."

"मग जा. माणसं ताटकळलीत."

बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि मग 'बरं' म्हणून, कुठल्याही गड्यासारखे, ते आपल्या जागेवर गेले. पलीकडच्या खांबापाशी नळी धरून उभे राहिले.

पाचरनं जिन्यात तोंड घालून शिंप्याला ओरडून सांगितलं, "काका, मशीन बंद! आणि गाणं तर आधी बंद!" मग ती मधल्या खोलीत येऊन स्टुलावर बसली आणि तळवे फरशीवर टेकले. फरशी गार होती. तिच्याभोवती एवढं मोठं घर होतं, आणि घराखाली तिच्या ओळखीची सगळी माणसं दांडे धरून तिच्या तोंडाकडे कान लावून बसली होती. त्यांतल्या एकीला ऐकू येणार नव्हतं आणि तीही वाट बघत होती. एवढं कुणी कुणाच्या शब्दावर सोडतं का? पण सोडलं होतं.

"ऊठ गं बाईऽऽ," ती म्हणाली. आवाज अर्ध्यातच चिरकला. खाली कुणी हललं नाही, कुणी हसलं नाही. ते थांबून राहिले. तिनं पुन्हा श्वास घेतला, पार पोटापर्यंत, आणि पुन्हा सुरुवात केली. "ऊठ गं बाईऽऽ... ऊठ!"

फरशीखालून सगळ्यांचा एक श्वास आला. रिळं शहारली. भिंतींनी सुस्कारा टाकला. आणि खिडकीबाहेर, नळीतल्या पाण्यावर नजर लावून उभ्या असलेल्या बाबांचं डोकं केसभर खाली गेलं. तिनं पुढची हाक दिली.